मेळाव्याचा रविवार

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या साताऱ्याच्या विवेकवादी मंडळाचा मेळावा असतो. १ नोव्हेंबर हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जन्मदिवस, त्याला लागून येणारा हा रविवार. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, पाहुण्यांना रोप, वर्षाचा जमाखर्च (तो मी वाचते, खजिनदार म्हणून) हे सगळं तासाभरात उरकतं. मुलं नारळातून जाळ काढून दाखवतात, मग पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनचं गुपित फोडतात, तेव्हा सभागृह जागं होतं. पण मी वर्षभर वाट बघते ती जेवणानंतरच्या मनोगतांची.

‘मी देव मानत नाही’ हे चारचौघांत पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाचा आवाज मला लगेच ओळखू येतो. तीनेक वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातले एक सर उभे राहिले. वडिलांची इच्छा म्हणून सरांनी त्यांचं देहदान केलं, दहावं-तेरावं केलं नाही. भावकीनं बोलणं टाकलं. सर म्हणाले, “आईसाठी घरात सांजवात लागते, ती मीच लावतो. पण मी कोण आहे हे मोकळेपणानं सांगायला मला ही एवढीच जागा आहे.” त्यांच्यानंतर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला पुढचं नाव पुकारता येईना.

मंडळाच्या नावात ‘नास्तिक’ हा शब्द हवाच, असं हे सर सांगतात. गोरा (गोपराजू रामचंद्र राव) यांनी १९४० साली आंध्रात केंद्र काढलं ते नास्तिक केंद्र म्हणूनच, आणि त्याच नावानं अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं. मग आपणच का लपायचं? त्यांचं म्हणणं मला आतून पटतं. सोसलेल्या माणसाला आपल्या नावानं हाक मारलेली हवी असते.

त्याच दुपारी तरडगावचे एक आजोबा उठले. गळ्यात माळ. पालखी चांदोबाच्या लिंबाला येते तेव्हा उभ्या रिंगणाला त्यांचं घर वारकऱ्यांना पाणी देतं. ते म्हणाले, “बाई, मी वारी सोडणार नाही. पण लेकीच्या लग्नात पत्रिका पाहिली नाही, हुंडा दिला नाही, गावात अंगात आणणाऱ्या बाबाला मीच बाहेर काढला. तुमच्या पाटीवर नास्तिक लिहिलंत तर मी कुठं बसू?”

त्यावर कुणी लगेच बोललं नाही. मी तेव्हापासून आजोबांच्या बाजूची आहे. आमच्याच जिल्ह्याकडे बघा ना. कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. १८७३ साली सत्यशोधक समाज काढणारे जोतीराव निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते, फक्त निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, एवढं त्यांचं म्हणणं. टेंभूत जन्मलेले आगरकर बुद्धीला पटेल तेच खरं मानणारे. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. निर्मिकाच्या प्रश्नावर या दोघांचं जुळलं नसतं, तरी आपण दोघांनाही आपलं म्हणतो. डॉ. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, तरी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका त्यांनी हीच ठेवली की विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. ‘होळी करा लहान, पोळी करा दान’ म्हणत आम्ही दारोदार फिरलो तेव्हा पोळ्या भाजून देणाऱ्या बायकांच्या घरी देव्हारे होतेच.

म्हणून मला वाटतं, पाटीवर मूल्यं असावीत: विवेक, समता, धर्मनिरपेक्षता, आणि घटनेच्या ५१ क मध्ये नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेला वैज्ञानिक दृष्टिकोन. आणि आत एक दुपार अशी ठेवावी की सरांना कुणापुढे शब्द गिळावा लागू नये. नाव बदलण्याचा ठराव दोनदा आला, दोनदा पुढे ढकलला. फलकावर अजून नुसतं ‘वार्षिक मेळावा’ एवढंच आहे.

एक सल मात्र सांगते. ग्रुपवर नावासाठी रात्री बारापर्यंत भांडणारे रविवारी दिसत नाहीत. दिवाळी जवळ असते, गावी जायचं असतं, हे मला कळतं. पण यादीत दीडशे नावं आणि पंगतीला साठ माणसं, हे मनाला लागतंच. आजोबा मात्र एसटीनं येतात, आणि गेल्या वर्षी त्यांना स्टँडवरून आणायला सर आपली गाडी घेऊन गेले होते.

ज्यांच्यामुळे हा दिवस पार पडतो त्यांची आठवण राहून जाता कामा नये. फक्त पेट्रोलचे पैसे घेणारे माईकवाले दादा, सभागृहाची किल्ली पहाटे सहाला हातात देणारे शिपाईमामा, पिठलं-भाकरीचा रांधा सांभाळणाऱ्या गोडोलीच्या चौघी, कंदी पेढे निम्म्या भावात देणारे राजवाड्याजवळचे काका, फलक रंगवणारा मुलगा, खुर्च्या मांडणारी कॉलेजची पोरं. आणि सतरंज्या धुऊन घडी घालून परत करणाऱ्या मावशी. गेल्या वर्षी आभारात त्यांचं नाव राहिलं होतं, आणि त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या.