आटलेला क्रिल आणि त्याची कात

क्रिल म्हणजे थंड समुद्रातला कोळंबीसारखा छोटा जीव. हिवाळी टाकीतले क्रिल किती ऑक्सिजन खातात ते मोजायचं काम चालू होतं आणि एका प्राण्याचा आकडा काही केल्या त्याच्या वयाशी जुळेना. नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं: लांबी ३२ मिलिमीटर, अप्रौढ. लहान प्राणी वजनाच्या मानाने जास्त ऑक्सिजन खातो, हा नियम अंटार्क्टिकच्या क्रिललाही लागू आहे. याची ऑक्सिजनच्या आलेखातली रेघ मात्र शेजारच्या मोठ्या प्राण्यांपेक्षाही सपाट. हिवाळ्यात चयापचय खाली आणून बसलेल्या प्रौढाची असावी तशी.

सेन्सर बिघडला असेल, ही पहिली शंका. मोजणी आमच्याकडे बंद भांड्यात होते: गाळलेलं समुद्राचं पाणी, शून्य अंश तापमान, प्रकाशावर चालणारा ऑक्सिजन सेन्सर, आणि सोबत एक रिकामं भांडं, कारण पाण्यातले जिवाणूही ऑक्सिजन खात असतात. शून्य अंशाच्या समुद्राच्या पाण्यात पंचवीस अंशांच्या पाण्याच्या दीडपटीहून जास्त ऑक्सिजन मावतो. त्यामुळे प्राणी गुदमरत नाही. पण तो खातो इतका थोडा, की पातळी हलायलाच वेळ लागतो. रिकाम्या भांड्याची रेघ जागच्या जागी होती. सेन्सर ठीक होता.

मग हाताळणी पाहिली. लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच, आणि याबद्दल माझं मत कडक आहे. क्रिलला जाळीने उचलायचं नसतं. ओगराळ्यासारख्या भांड्याने पाण्यासकट उचलायचं, पाण्याबाहेर क्षणभरही आणायचं नाही. घाबरलेला प्राणी कितीतरी तास जास्त ऑक्सिजन ओढत राहतो. ध्रुवीय प्राण्यांचं चयापचय थंडीच्या मानाने जास्त असतं, असं एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. पुढे ध्यानात आलं, की त्यातले बरेच आकडे विश्रांती न मिळालेल्या प्राण्यांचे होते. तरीही भांड्यात टाकल्या टाकल्या बटण दाबणारे आजही भेटतात. पण हाताळणीत चूक झाली असती तर आकडा वर गेला असता. आमचा खाली होता.

उरला खुद्द प्राणी. भांड्यापाशी अंधूक लाल दिवा धरून मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. क्रिल पाण्याहून जड असतो, पोहणं थांबलं की बुडतो. म्हणून पोटाखालच्या पायांच्या पाच जोड्या एकामागून एक, मागून पुढे लाट सरकावी तशा चालू असतात. त्या अगदी संथ हलत होत्या. कवच काचेसारखं, त्यावर तांबडे ठिपके, आतड्याची जागा रिकामी आणि पारदर्शक. आणि डोळे! त्या अंगाला न शोभणारे, भलतेच मोठे काळेभोर डोळे.

मी मागे वळून म्हटलं, "हे पिल्लू नाहीये."

लांबी मोजून ठेवणारा आमचा ज्युनियर म्हणाला, "ताई, मी दोनदा मोजलंय. बत्तीसच आहे."

त्याचं मोजमाप बरोबरच होतं. क्रिलच्या बाबतीत लांबीवर विसंबताच येत नाही. अन्न संपलं तरी हा प्राणी कात टाकायचं थांबत नाही, आणि दर कातीला आधीपेक्षा लहान होऊन बाहेर येतो. इकेडा आणि डिक्सन या संशोधकांनी १९८२ साली दाखवून दिलं, की उपाशी ठेवलेले क्रिल २११ दिवस जगले आणि त्या काळात आटत गेले. स्वतःचंच शरीर जाळून हिवाळा काढायचा, असा तो हिशेब. माद्यांची तर प्रौढपणाची बाहेरून दिसणारी लक्षणंही मागे हटतात. खायला मिळालं की त्या पुन्हा वाढतात आणि पुन्हा वयात येतात. डोळा मात्र शरीराबरोबर तसा आटत नाही. म्हणून १९९५ साली सुन, डे ला मेअर आणि निकोल यांनी डोळ्याचा व्यास आणि शरीराची लांबी यांची तुलना करून आटलेला प्राणी ओळखायची वाट सुचवली.

अमोनियाचे नमुनेही घेतले होते. प्राणी किती ऑक्सिजन घेतो आणि किती अमोनिया सोडतो, याच्या गुणोत्तरावरून तो काय जाळतोय ते कळतं: निव्वळ प्रथिनं असतील तर आकडा सातच्या आसपास, चरबी असेल तर बराच वर. याचा आकडा खालच्याच अंगाला होता. म्हणजे साठवलेली चरबी नव्हे, बहुतेक स्नायूच जळत होते.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "डोळ्यावरून वय काढू नका. एखाद्याचे मोठे असतील. तो आकडा वगळा आणि पुढे चला." सर हुशार आहेत, पण हंगाम संपत आला की त्यांना नीट भरलेला तक्ता प्राण्यापेक्षा जवळचा वाटतो. वयाची खात्री करायची तर डोळ्याचा देठ कापून त्यातल्या वाढीच्या रेषा मोजाव्या लागतात. म्हणजे प्राणी मारायचा. मी नाही म्हटलं. एवढे महिने उपास काढून टिकलेला जीव एका चौकटीत आकडा भरण्यासाठी कापायला माझा हात धजत नव्हता, आणि जिवंत राहिला तर तो आणखी बरंच काही सांगेल असंही वाटत होतं.

त्याच दुपारी त्याने भांड्यातच कात टाकली. कॉम्प्युटरवरची सपाट रेघ अचानक झपकन खाली वळली, ऑक्सिजन भराभर उतरू लागला. मी वाकून पाहिलं तर पाठीवर, छातीवरचं कवच आणि पोट जुळतात त्या सांध्याशी त्वचा उकलली होती. आधी डोक्याकडचा भाग मागे ओढला गेला, मग एका झटक्यात पोट सुटलं, आणि भांड्यात दोन क्रिल दिसू लागले: एक मऊ, एक रिकामा. कातीवर डोळ्यांचं पारदर्शक आवरणसुद्धा जसंच्या तसं होतं.

मोजणी बाद झाली. ज्युनियर हळहळला. मला मात्र हवं ते हातात आलं होतं. शेपटीच्या पंख्यातली पाकळी जुन्या कातीतही असते आणि नव्या अंगावरही. दोन्ही मोजल्या की त्या एका कातीत प्राणी वाढला की आटला ते प्राण्याला न मारता कळतं. पकडलेल्या क्रिलची वाढ मोजायची ही रुळलेली पद्धत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पाकळ्या मोजल्या. नवी आखूड होती. मग ज्युनियरला मोजायला लावल्या. त्यालाही तेच दिसलं.

एका कातीवरून आधीचा सगळा इतिहास सिद्ध होत नाही, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण कातीत आखूड झालेली पाकळी, मोठे डोळे, रिकामं आतडं, खालचं गुणोत्तर आणि प्रौढासारखा मंद श्वास हे सगळं एकाच प्राण्यात दिसत असताना त्याला 'अप्रौढ' म्हणून नोंदवायला मी तयार नाही.

थंडीत प्राणी नुसते झोपून असतात, असं लोक धरून चालतात; कोल्ड रूम पाहायला येणारे तर हमखास. याच समजुतीपायी साफसफाईच्या वेळी कुणीतरी हिवाळी टाकीवर पांढरे दिवे लावून ठेवतं, तेव्हा माझा संताप होतो. क्रिलचं चयापचय फक्त तापमानावर आणि अन्नावर चालत नाही, दिवस किती लांब आहे यावरही वरखाली होतं. अंधारातला हिवाळा तो अंगाने ओळखतो. एका रात्रीच्या उजेडाने आमचे किती आकडे बिघडले असतील, याची चिंता मला अजून आहे.

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. जाळ्यात आलेल्या क्रिलच्या लांबीवरून त्यांच्या पिढ्या पाडतात. अमुक लांबीचे या वर्षीचे, तमुक लांबीचे त्या वर्षीचे. हिवाळ्याच्या अखेरीस त्या लहानांच्या गटात आटलेले प्रौढ किती असतील? ते पिल्लं म्हणून मोजले गेले, तर नवी पिढी भरघोस आली असं दिसेल, आणि प्रत्यक्षात ती आलेलीच नसेल. क्रिलवर पेंग्विन, सील आणि व्हेल जगतात, मासेमारीच्या मर्यादाही तो समुद्रात किती आहे याच्या अंदाजावर ठरतात.

सरांच्या तक्त्यातून तो प्राणी वगळला गेला. माझ्या वहीत त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात आहे, कात बरणीत जपून ठेवली आहे, आणि तो स्वतः वेगळ्या टाकीत आहे. त्याला आता खायला घालतेय. पुढची कात महिन्याभराने पडेल, तेव्हा पाकळी पुन्हा मोजायची. तोवर या तुकडीतले फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले सगळे 'अप्रौढ' बाहेर काढून त्यांचे डोळे मोजायला घेतले आहेत. लांबी वहीत आहेच, डोळे कुणीच मोजलेले नव्हते.