अंधारात मोजलेल्या ठिणग्या

अणूला केंद्रक असते, हा शोध आपण शाळेत एका आकृतीत उरकतो: सोन्याचा वर्ख, त्यातून आरपार जाणारे बाण आणि मागे वळलेला एखादा बाण. त्या आकृतीत न मावणाऱ्या दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात, एक म्हणजे अंधार आणि दुसरी म्हणजे मागे वळलेला बाण दिसल्यापासून त्याचा अर्थ लागेपर्यंत मध्ये गेलेली जवळजवळ दोन वर्षे.

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. अणू अविभाज्य नाही हे त्यामुळे उघड झाले, पण या ऋणभाराला तोलणारा धनभार आत कुठे आहे, हा प्रश्न उरला. थॉमसन यांच्या मते तो सबंध अणूभर पसरलेला होता आणि इलेक्ट्रॉन त्यात विखुरलेले होते. या प्रतिकृतीला आज हसणे सोपे आहे; तेव्हाच्या माहितीत तिच्यावर बोट ठेवावे असे फारसे काही नव्हते.

१९०९ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांनी हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांच्यावर एक काम सोपवले: धातूवर आदळलेले अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने बाहेर पडणारे धनभारित कण, मागे फिरतात का, ते पाहायचे. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर पडला की क्षणभर मंद ठिणगी चमकते. ती सूक्ष्मदर्शकातून नुसत्या नजरेने टिपायची, आणि त्यासाठी आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे सरावू द्यायचे. गायगर यांची या कामातली चिकाटी विलक्षण होती. रदरफर्ड यांना स्वतःला मात्र ती बैठक जमत नसे. (कण मोजणारे उपकरण पुढे गायगर यांच्याच नावाने ओळखले गेले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.)

प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारे ८००० कणांपैकी एक मागे फिरत होता. पातळ कागदावर डागलेला तोफगोळा उलटून आपल्यावरच यावा तसे हे होते, असे रदरफर्ड नंतर सांगत. ही उपमा इतकी गाजली की खरे काम तिच्यामागे झाकले गेले. कण मागे का फिरला, याला एक सोपे उत्तर उपलब्ध होते: वाटेतल्या अनेक अणूंनी त्याला थोडे थोडे वळवले असेल. रदरफर्ड यांनी त्याचा हिशेब मांडला. वर्खातून जाताना कण सरासरी सुमारे एक अंशच वळतो. असे लहान धक्के साचून ९० अंशांहून मोठे वळण मिळण्याची शक्यता जवळपास शून्य निघते. म्हणजे मोठे वळण एकाच टकरीत मिळते, आणि तसे घडायचे तर अणूचा एका चिन्हाचा सगळा भार त्याच्या हजाराव्या भागाहूनही लहान जागेत एकवटलेला हवा.

हा हिशेब १९११ मध्ये ज्या शोधनिबंधात छापून आला, त्यात हा मधला भार धन की ऋण, हे मात्र त्यांनी ठरवले नाही, कारण त्यांचे सूत्र दोन्ही बाजूंनी सारखेच लागू पडत होते. निबंधात ‘केंद्रक’ हा शब्दही नाही, फक्त मध्यवर्ती भार आहे. त्या सूत्रानुसार कोणत्या कोनात किती कण यायला हवेत, हे पडताळण्यासाठी गायगर आणि मार्सडेन पुन्हा काळोखात जाऊन बसले, आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापून येईपर्यंत त्यांनी एक लाखाहून अधिक ठिणग्या मोजल्या होत्या.