आमची वाटचाल : मोहोळ काढला, तर सीनेचं काय?

चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांना जेकार्ड डिझाइनच्या फाइली करून देणं हे आमच्या फर्मचं मूळ काम. ग्राफवरचा प्रत्येक रंग म्हणजे एक वीण. नक्षीतला मोर काढायचा असेल तर नुसतं खोडून भागत नाही, त्या जागी जमीन, म्हणजे मागची साधी वीण, विणून भरावी लागते. स्ट्रॅटेजी खेळांच्या नकाशातून प्रांत काढून देणारं आमचं टूल याच हिशोबावर उभं आहे.

सध्या ते ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) साठी मॉड करणाऱ्यांना, म्हणजे खेळात स्वतःचे बदल करणाऱ्यांना, चालतं. या खेळाचा मूळ नकाशा ५६३२ × २०४८ पिक्सेलांची २४ बिटांची बीएमपी, म्हणजे चित्राची फाइल, आहे, म्हणजे सुमारे १ कोटी १५ लाख पिक्सेल. प्रत्येक प्रांताला स्वतंत्र रंग, आणि कुठला रंग कितव्या नंबरचा हे डेफिनिशन फाइलीत. पेन्सिलऐवजी मऊ कडांचा ब्रश वापरला की हद्दीवर यादीत नसलेले शेकडो रंग तयार होतात. म्हणून टूल आधी रंग मोजतं. एक जरी अनोळखी निघाला तरी त्याची जागा दाखवून थांबतं.

चाचणीसाठी आम्ही सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके अकरा प्रांत म्हणून रंगवले. पहिल्या आवृत्तीत मोहोळ काढला की तो अख्खा एकाच शेजाऱ्याला मिळायचा. पंढरपूरला दिला तर पंढरपूर थेट बार्शीला जाऊन भिडतं, आणि खेळात सैन्य एका उडीत तिकडे पोचतं. आता टूल सगळ्या शेजाऱ्यांच्या हद्दींवरून एकाच वेळी एकेक पिक्सेल आत सरकतं, आणि जो आधी पोचला त्याचा तो पिक्सेल. वाटणी बरी होते, पण दोन खोडी उरतात. मध्येच चार प्रांत एका टोकाला भेटतात, आणि खेळ त्याला एक्स क्रॉसिंग म्हणून चूक धरतो. चारातला एक पिक्सेल शेजारच्या रंगाचा केला की ती जाते. आणि आठ पिक्सेलांपेक्षा लहान चिंधी राहिली तर ती लगतच्या मोठ्या प्रांतात जिरवावी लागते.

खरं दुखणं नंबरांचं. यादीत मध्ये खंड चालत नाही. ५०० नंबर काढून पुढचे सगळे एकेकाने खाली ओढले, तर तेरा हजारांवर प्रांतांच्या नकाशात जवळजवळ सगळ्याच फाइली बदलतात. आम्ही शेवटचा नंबर उचलून रिकाम्या जागी बसवतो; एक प्रांत काढला तर नवा नंबर एकालाच. तरीही तो राज्यांच्या (म्हणजे प्रांतांच्या गटांच्या) फाइली, व्हिक्टरी पॉइंट, स्ट्रॅटेजिक रीजन, रेल्वे, सप्लाय नोड, सामुद्रधुन्यांची यादी, सैन्याच्या जागा, इतक्या ठिकाणी शोधावा लागतो. नाविक तळाच्या ओळीत तर शेवटी शेजारच्या समुद्राचा नंबर असतो. समुद्रप्रांत काढणारे तो हमखास विसरतात. एडिटरमधलं ‘सगळे बदला’ बटण इथे घातकच. १२३४ हा प्रांत असेल किंवा राज्याचं मॅनपॉवर, म्हणजे मनुष्यबळाचा आकडाही असेल. त्यामुळे टूल आधी आकडा कुठल्या कंसात आहे ते बघतं, मगच हात लावतं.

राज्यातला शेवटचा प्रांत गेला की राज्यही काढायचं. कुठल्या देशाची राजधानी तिथे असेल तर ती आधी हलवायची. इथे बरेच जण फसतात. मॉडमधून राज्याची फाइल डिलीट केली तरी खेळ स्वतःच्या फोल्डरातली मूळ फाइल वाचतो आणि काढलेलं राज्य परत उभं राहतं. त्यावर उपाय म्हणजे मॉडच्या वर्णन-फाइलीत त्या फोल्डरासाठी रिप्लेस पाथची ओळ (खेळाने तिथल्या मूळ फाइली वाचू नयेत म्हणून), आणि बाकीच्या सगळ्या राज्यांच्या फाइली मॉडमध्ये. खेळाच्या मूळ फोल्डरात आमचं टूल काहीही लिहीत नाही.

आता सीना, मोहोळमधून वाहणारी नदी. मोहोळ शेजाऱ्यांत वाटला तर नदीला काही होत नाही, कारण नद्यांची बीएमपी वेगळी असते. पण मोहोळच्या जागी पाणी करायचं असेल तर उंचीचा नकाशा खाली न्यावा लागतो, भूप्रदेशाचा रंगवावा लागतो आणि सीना मध्येच तुटते. खालच्या तुकड्याला उगमाचा हिरवा पिक्सेल लागतो, तोही एकच. प्रवाह सगळीकडे एका पिक्सेलाचा. ही फाइल ८ बिटांची, ठरलेल्या पॅलेटची. सेव्ह करताना रंगांचा क्रम हलला की नद्या बिघडल्याच. हा भाग टूल आपोआप करत नाही, फक्त तुटलेली टोकं दाखवतं. नदी हातानेच जोडलेली बरी, असं आमचं मत.

ग्राहकाला फाइली देताना एवढंच सांगतो: खेळ डीबग पर्यायाने सुरू करा, नज टूलमधून (खेळातल्याच नकाशा-एडिटरमधून) इमारती आणि सैन्याच्या जागा तपासा, आणि एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद, वरून खाली वाचा. पहिली चूक सुटली की खालच्या बऱ्याचशा तिच्याबरोबर जातात.