अहवालातली लाल खूण

नोकरी देण्याआधीच्या पडताळणीच्या अहवालात एका रकान्यात लाल खूण दिसते, आणि उमेदवाराला चकार शब्द न विचारता त्याची फाइल मिटली जाते. आज दिवसभर हेच मनात घोळतंय.

खूण लागते कशावरून? बहुतेकदा तारखांवरून. उमेदवार रुजू झाल्याची तारीख लिहितो, आणि जुन्या कंपनीकडे असते ती पगारपत्रकावर नाव चढल्याची. मधले महिने तो कंत्राटदाराच्या पगारावर असतो, पण काम त्याच टेबलावर बसून केलेलं असतं. अहवालात उतरतं एवढंच : 'तफावत'. कंपनी बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, तर उत्तर द्यायलाच कुणी उरत नाही. मग शेरा येतो 'पडताळणी होऊ शकली नाही', आणि घाईतला डोळा तो 'खोटं बोलला' असा वाचतो. याचा मला फार राग येतो. न्यायालयीन नोंदी तर कित्येकदा नुसत्या नावावरून शोधतात. जन्मतारीख आणि पत्ता जुळवला नाही, तर नावबंधूचा खटला भलत्याच्या माथी बसतो.

आकडे मांडून बघावेत. समजा १००० उमेदवार आहेत आणि त्यांत २० जण खरंच खोटं बोललेत. तपासणी खोट्यांपैकी ९० टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून खूण लावते. म्हणजे खोटे सापडले १८, आणि विनाकारण अडकले ४९. खूण लागलेल्या ६७ जणांत बहुसंख्य निर्दोष! खोटं बोलणारे जितके विरळ, तितकं हे प्रमाण आणखी बिघडतं.

अमली पदार्थांच्या चाचणीचंही तसंच. लघवीची पहिली चाचणी फक्त चाळणी असते. खसखस खाल्ल्यानेही त्यात अफूतलं मॉर्फिन दिसू शकतं, म्हणून अमेरिकेच्या संघराज्य चाचण्यांत अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे पदार्थ नेमका ओळखणाऱ्या दुसऱ्या चाचणीने, खात्री होईपर्यंत आणि डॉक्टरने चालू औषधांची चौकशी करेपर्यंत तो निकाल कच्चाच धरायचा.

अमेरिकेच्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात बाहेरच्या संस्थेच्या अहवालावरून नकार द्यायचा असेल, तर आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हाती द्यावी लागते. कायदा नसला तरी हे करायला अडतंय कुठे? प्रत द्यावी, कामाचे पाच दिवस द्यावेत, तोवर जागा दुसऱ्याला देऊ नये. विचारताना 'खोटं का लिहिलंत?' असं नको. 'या दोन तारखांत फरक दिसतोय, त्या महिन्यांच्या पगारपावत्या किंवा बँकेचा उतारा मिळेल का?' असं विचारावं. खुलासा आणि कागद अहवालालाच जोडावेत, आणि निर्णय कुणी व कशावरून घेतला ते खाली सहीनिशी लिहावं. नंतर चूक उघडकीला आली, तर ती कुठे झाली हे त्याशिवाय सापडत नाही.