प्रतिसादवेळेचे तीन तुकडे: ठिपक्यांच्या प्रयोगाची पुढची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत माझं डिफ्यूजन मॉडेल (माणूस झटपट निर्णय कसा आणि किती वेळात घेतो याचं गणिती रूप) स्वतःच तयार केलेल्या डेटावर चालत होतं. आता त्यात माणसांचा डेटा घातला आहे, म्हणजे माझा आणि घरातल्या दोघांचा. काम तेच: पडद्यावर ठिपक्यांचा गोंधळ, त्यातले काही एकाच दिशेला सरकतात, ती दिशा डावी की उजवी ते कळ दाबून सांगायचं. बरोबर की चूक आणि किती मिलिसेकंद लागले, एवढंच नोंदवायचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॉडेलचं म्हणणं असं की मेंदूत पुरावा थेंबाथेंबाने जमतो आणि त्यात सतत गोंगाट मिसळलेला असतो. जमलेली बेरीज वरच्या किंवा खालच्या सीमेला टेकली की निर्णय झाला. पुरावा ज्या सरासरी वेगाने जमतो तो ड्रिफ्ट. दोन सीमांमधलं अंतर म्हणजे सावधपणा. आणि डोळ्यांनी टिपण्यात व बोट हलवण्यात जाणारा वेळ वेगळा धरायचा, त्याला मी ‘वरखर्च’ म्हणतो. हे रूप रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलं, तेही ठिपक्यांसाठी नव्हे तर स्मरणासाठी. गणिताची मुळं त्याहून जुनी आहेत. अब्राहम वॉल्ड यांची क्रमवार चाचणी (पुरावा पुरेसा होईपर्यंत एकेक नमुना घेत जायचं) दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आणि ठरावीक चूकप्रमाणासाठी सरासरीने सर्वांत कमी नमुने याच चाचणीला लागतात हे वॉल्ड आणि वोल्फोविट्झ यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं.

नुसती सरासरी वेळ पाहून काहीच कळत नाही, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. आकडे बघा. गोंगाट १ धरला, ड्रिफ्ट १, सीमा-अंतर १.४ आणि वरखर्च ०.३ सेकंद. अचूकता ८०.२ टक्के येते, सरासरी वेळ ०.७२३ सेकंद. आता फक्त सीमा-अंतर २ करा: अचूकता ८८ टक्के, वेळ १.०६ सेकंद. त्याऐवजी सीमा १.४ वरच ठेवून ड्रिफ्ट १.५ करा: अचूकता ८९ टक्के, वेळ ०.६६५ सेकंद. दोघांचे गुण जवळपास सारखे, पण पहिला सावध आहे आणि दुसऱ्याला ठिपके खरोखर चांगले दिसतात. (रॅटक्लिफ यांच्या परंपरेतल्या लेखांत गोंगाट ०.१ धरतात, त्यामुळे त्यांचे ड्रिफ्ट आणि सीमेचे आकडे माझ्या एक दशांश दिसतील. तुलना करताना आधी हे पाहा.)

सिम्युलेटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार कमी लोक तपासतात. १ मिलिसेकंदाच्या पायरीने पुरावा पुढे ढकलला तर वाट दोन पायऱ्यांच्या मध्ये सीमा ओलांडून परत येऊ शकते आणि आपल्याला ते दिसतच नाही. परिणामी प्रत्येक सीमा जणू ०.५८२६ गुणिले पायरीचं वर्गमूळ एवढी दूर सरकते. वरच्या उदाहरणात त्याने सरासरी वेळ सुमारे २० मिलिसेकंदांनी वाढते. पायरी दहापट बारीक केली तरी फरक साधारण तिपटीनेच कमी होतो आणि गणनेला मात्र दहापट वेळ लागतो. मी पायरी १ मिलिसेकंदच ठेवली आणि सीमा तेवढ्याने आत घेतली. नेमक्या सूत्राशी उत्तरं छान जुळतात.

उलट, पडद्याची भीती फुकाची आहे. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर चौकट दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते. त्यातून येणारा विस्कळीतपणा फार तर ५ मिलिसेकंदांच्या प्रमाण विचलनाचा (वेळा सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप), आणि माणसाच्या वेळांचं प्रमाण विचलन त्या उदाहरणात ३३५ मिलिसेकंद. कायमचा उशीर असेल तर तो मुकाट्याने वरखर्चात जमा होतो. महागडा कीबोर्ड घ्यायची गरज नाही.

फिटिंगसाठी, म्हणजे डेटावरून ड्रिफ्ट, सीमा-अंतर आणि वरखर्च हे मॉडेलचे पॅरामीटर शोधण्यासाठी, सुरुवात ईझी-डिफ्यूजनने केली: वागेनमेकर्स, व्हॅन डर मास आणि ग्रासमन यांची २००७ ची पद्धत. अचूकता, बरोबर उत्तरांच्या वेळेची सरासरी आणि तिचं प्रसरण (व्हेरियन्स, प्रमाण विचलनाचा वर्ग), या तीन आकड्यांवरून तीन पॅरामीटर थेट सूत्राने मिळतात. कारण सोपं आहे: आरंभबिंदू (पुराव्याची बेरीज जिथून सुरू होते ती जागा) दोन सीमांच्या मधोमध असेल तर अचूकतेचा लॉजिट (बरोबर भागिले चूक, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम) म्हणजेच ड्रिफ्ट आणि सीमा-अंतराचा गुणाकार. कॅल्क्युलेटरवर होण्यासारखं काम. पण प्रसरणाच्या बाबतीत ही पद्धत अतिशय नाजूक आहे. समजा चार-दोन वेळा शिंक आली, फोन वाजला, आणि त्या लांबलचक वेळांनी प्रसरण दुप्पट झालं. ड्रिफ्ट १६ टक्क्यांनी घसरतो, सीमा-अंतर १९ टक्क्यांनी वाढतं आणि वरखर्च ३०० वरून थेट १२५ मिलिसेकंदांवर येतो. एवढ्यात दिसणं आणि बोट हलणं दोन्ही उरकणारा माणूस मला तरी माहीत नाही. म्हणून माझा नियम: वरखर्च २०० च्या खाली आला की मॉडेलला नव्हे, डेटाला जाब विचारायचा.

आता खरा डेटा. प्रत्येकाने काही फेऱ्या ‘घाई करा’ आणि काही ‘चुकू नका’ अशा सूचनेखाली केल्या. पाठ्यपुस्तकी अपेक्षा अशी की सूचना बदलली तर फक्त सीमा हलावी. सीमा हललीच, पण घाईच्या फेऱ्यांत वरखर्चही कमी झाला. बोट आधीच कळेवर ताणून ठेवलेलं असतं, त्यामुळे मला यात विपरीत काही वाटत नाही. मात्र ‘सूचनेचा परिणाम सीमेवरच होतो’ असं गृहीत धरून तो पॅरामीटर बांधून टाकू नका.

घरातली ज्येष्ठ व्यक्ती तिघांत सर्वांत हळू. मॉडेल म्हणतं, ड्रिफ्ट माझ्याएवढाच, सीमा रुंद आणि वरखर्च जास्त. रॅटक्लिफ, थापर आणि मॅकून यांच्या वयावरच्या प्रयोगांतही बऱ्याच कामांत हेच चित्र आहे: म्हातारपणी वेळ वाढते ती बरीचशी सावधपणामुळे आणि वरखर्चामुळे, पुरावा निकृष्ट झाल्यामुळे नव्हे. हे ऐकून त्या व्यक्तीने ‘मी आधीपासून सांगत होते’ असा चेहरा केला.

जिथे साधं मॉडेल कोलमडतं ती जागा मला सर्वांत आवडते. आरंभबिंदू मधोमध असेल तर गणितानुसार चुकीच्या आणि बरोबर उत्तरांच्या वेळांचं वितरण अगदी एकच हवं. माणसांचं तसं नसतं. कठीण ठिपक्यांवर जपून खेळताना आमच्या चुका हळू झाल्या, सोप्या ठिपक्यांवर घाईत जलद. दोन्हींवर जुने उपाय आहेत. ड्रिफ्ट दर वेळी थोडा बदलतो असं धरलं की हळू चुका येतात: कमी ड्रिफ्टच्या फेऱ्या हळूही असतात आणि तिथेच चुकाही जास्त होतात. आरंभबिंदू दर वेळी हलतो असं धरलं, जे लॅमिंग यांनी १९६८ मध्येच सुचवलं होतं, की चुकीच्या सीमेजवळून सुरू झालेल्या वाटा पटकन तिथेच आदळतात आणि जलद चुका मिळतात. दोन्ही एकत्र घातले तर चित्र जमतं, पण पॅरामीटर वाढतात आणि हे दोन विचलनाचे आकडे थोड्या डेटातून नीट सापडत नाहीत. खोटा डेटा बनवून परत शोधायला लावला तेव्हा ड्रिफ्ट आणि सीमा बरोबर सापडल्या, विचलनं मात्र वाटेल तिथे गेली. त्यांचे आकडे मी इथे देत नाही, तुम्हीही कुणाचे सहज मानू नका.

स्मरणाचा भाग अजून कच्चा आहे. स्टर्नबर्ग यांचा १९६६ चा प्रयोग घेतला: काही अंक दाखवायचे, मग एक अंक देऊन ‘होता का?’ विचारायचं. त्यांच्याकडे यादीतल्या प्रत्येक वाढीव अंकामागे सुमारे ३८ मिलिसेकंद लागत होते. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींचा चढ सारखा, म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की मन एकेक करून पूर्ण यादी तपासतं. पण टाउनसेंड यांनी दाखवलं की समांतर चालणारी, म्हणजे सगळे अंक एकाच वेळी तपासणारी, मॉडेलंही असाच चढ देऊ शकतात. म्हणजे सरासरीच्या सरळ रेषेवरून निवाडा होत नाही, पूर्ण वितरणं हवीत. ती जमवतो आहे.

पुढचा टप्पा लक्षाचा. क्रायबिच, आर्मेल आणि रँगेल यांच्या २०१० च्या मॉडेलमध्ये दोन पर्यायांतून जास्त आवडता निवडायचा असतो; नजर ज्या पर्यायावर आहे त्याचं मूल्य पूर्ण धरतात, दुसऱ्याचं फक्त ०.३ पट. माझ्याकडे नजर टिपणारं यंत्र नाही, म्हणून दोन चित्रं आळीपाळीने दाखवायची आणि वेळ मीच ठरवायची असा बेत आहे. दोन्ही चित्रांना समान वेळ दिली तर सरासरी ड्रिफ्ट मूल्यांच्या फरकाच्या सरळ प्रमाणात येतो आणि ती ०.३ नुसत्या गुणकात विरघळून जाते. म्हणून एकाला ३००, दुसऱ्याला ९०० मिलिसेकंद, आणि कोणाला जास्त ते दर फेरीत चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रोग्राम तयार आहे. चित्रं अडली आहेत: लोकांनी आधीच गुण दिलेला, खुल्या परवान्याचा संच कुणी वापरला असेल तर कळवा.