गरम लागलेला खोका

थर्माकोलचा खोका उघडण्याआधी मी त्याला बाहेरून हात लावून बघतो. त्या दिवशी हाताला चक्क ऊब लागली. लाइव्ह रॉकचा, म्हणजे जिवंत वस्ती असलेल्या समुद्री दगडांचा, माल आदल्या रात्रीच यायचा होता, तो वाटेत अडकला आणि दुपारी पोहोचला. ज्यांच्या खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीसाठी तो मागवला होता ते साहेब शेजारीच उभे होते.

"रचून टाका ना थेट टाकीत. दगडच तर आहेत."

दगड खरेच, प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यांचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. पण पैसे मोजायचे ते त्यांच्या छिद्रांतल्या वस्तीसाठी. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू, गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, किडे, स्पंज. ही वस्ती प्रवासात थोडीफार मरतेच. किती मेली, एवढाच प्रश्न असतो.

पिशव्यांत पाणी नाही हे पाहून साहेब हबकले. मुद्दामच नसतं. पिशवीत कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कागदात गुंडाळलेला दगड दमट हवेत त्यापेक्षा बरा टिकतो. पण आमचे कागद कडेने वाळले होते. माझा नवा मदतनीस धावत नळाची नळी घेऊन आला. "दादा, मारू का जरा पाणी?"

"ठेव ती खाली!" मी ओरडलोच. गोडं पाणी लागलं की उरलेलेही गेले. त्याला खाऱ्या पाण्याची बादली दिली, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

मग वास. चांगल्या दगडाला किनाऱ्यावरच्या ओल्या शेवाळासारखा वास येतो. आमच्या खोक्यात वरचे दगड तसे होते, तळातल्यांना मात्र सडक्या अंड्याचा वास मारत होता. दोष बहुतेक स्पंजांचा. हवेत आले की त्यांच्या पोकळ्यांत हवा अडकते आणि ते आतून कुजतात. हातमोजे घालून (काटेरी किड्यांचे केस बोटांत रुतले की फार वेळ जळजळतं) मी चिमट्याने पांढरे, बुळबुळीत गोळे उपटत गेलो, मदतनीस खाऱ्या पाण्यात ब्रशने घासत गेला. कोरलाइनला धक्का लावायचा नाही, एवढं त्याला बजावलं होतं.

टबातलं मिठाचं पाणी आदल्या दिवशीच कालवून फिरतं ठेवलं होतं. घनता १.०२५, तापमान २५ अंश. दगड एकावर एक न दाबता जाळीवर मांडले, पाणी खेळवणारा जोरदार पॉवरहेड पंप लावला, फेसातून घाण काढणारा स्किमर सुरू केला आणि दिवा बंद. उजेड दिला तर त्या घाणीवर नको ते शेवाळ माजतं.

साहेबांनी तोवर माशांचा विषय काढला होता. जोडी बघून ठेवली होती म्हणे. वाद घालण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्यासमोर टबातल्या पाण्याची अमोनिया चाचणी केली. पिवळं राहायला हवं ते पाणी नळीत गर्द हिरवं झालं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो आणि तिथे अमोनिया गोड्या टाकीपेक्षा जास्त विषारी ठरतो, हे सांगितल्यावर ते गप्प झाले.

आणि तेवढ्यात टबातून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. मँटिस श्रिम्प, कोळंबीसारखा दिसणारा शिकारी! टॉर्च मारून बीळ शोधलं, दगड बादलीवर तिरका धरला आणि सिरिंजने बिळात जादा खारं पाणी सोडलं. स्वारी वैतागून बादलीत उतरली. बोटभर लांबीचा, पण शिंपले फोडणारा गडी. मुख्य टाकीत गेला असता तर साहेबांचे खेकडे, गोगलगाई यांचं काही खरं नव्हतं.

पुढचे काही आठवडे पाणी बदलणं आणि चाचण्या, एवढंच. सांगण्यासारखं त्यात काही नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले, तेव्हा दगड हलवले. ओल्या कागदातच, पण या वेळी वाट लहान होती. मासे त्यानंतर आले, एकेक करून.

मँटिस परत मागायला साहेब स्वतः आले. त्याला आता वेगळी छोटी टाकी आहे, आणि तिच्यात दगड कुठला घालायचा यावर ते माझ्याशी मोठ्या टाकीपेक्षा जास्त हुज्जत घालतात.