घरातले आयपी पत्ते एकानेच वाटावेत

वीज जाऊन परत आली की अनेक घरांत वायफाय प्रिंटर 'ऑफलाइन' दिसू लागतो. मग तो चार वेळा बंद-चालू केला जातो, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला जातो, आणि एवढे करूनही जमले नाही तर नवा प्रिंटर घेण्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये काहीच बिघडलेले नसते. कोणत्या उपकरणाला कोणता आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, दिला याची नोंद पुष्कळ घरगुती राउटर तात्पुरत्या स्मृतीतच ठेवतात, त्यामुळे वीज गेल्यावर ती पुसली जाते. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो.

आमच्या घरात खालच्या मजल्यावर फायबरसोबत आलेला राउटर आहे, वरच्या मजल्यावर आम्ही विकत घेतलेला दुसरा राउटर आहे, शिवाय एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, टीव्ही आणि सगळ्यांचे फोन व लॅपटॉप आहेत. एवढ्या पसाऱ्यासाठी राउटरच्या सेटिंगमधले 'लॅन' (म्हणजे घरातले नेटवर्क) हे एकच पान नीट भरले तरी पुरते. मात्र ते भरण्याआधी कोणते पत्ते कोणासाठी, हे कागदावर लिहून काढावे, असे मी आग्रहाने सांगेन.

खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते खुल्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणूनच लाखो घरांत एकच १९२.१६८.१.१ असूनही कोणाचे काही अडत नाही. सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्क केवढे हे ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.० ठेवला की वापरण्याजोगे २५४ पत्ते हाती येतात, आणि एका घराला ते भरपूर झाले.

तरीही राउटरचा मूळ पत्ता तसाच ठेवू नये, असे माझे मत आहे. घरून काम करणारा माणूस व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खाजगी जोडणीने, कार्यालयाशी जोडला जातो, तेव्हा तिकडच्या नेटवर्कमध्येही १९२.१६८.१ हाच पट्टा असेल तर १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला प्रिंटर की कार्यालयातला सर्व्हर, हे लॅपटॉपला ठरवता येत नाही. तिसरा आकडा बदलून १९२.१६८.३७.१ असा सहसा कोणी न वापरणारा पत्ता घेतला की हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. 'सेव्ह' केल्याबरोबर समोरचे पान तुटते, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. राउटर नव्या पत्त्यावर गेलेला असतो, आणि वायफाय बंद करून पुन्हा जोडल्यावर ब्राउझरमध्ये तो नवा पत्ता टाकला की पान उघडते.

त्यानंतर येतो डीएचसीपी, म्हणजे आलेल्या प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देणारी व्यवस्था. मी तिला पत्त्याच्या शेवटच्या जागेसाठी १०० ते १९९ हे आकडे दिले आहेत आणि २ ते ४९ हे जागेवरून न हलणाऱ्या वस्तूंसाठी बाजूला ठेवले आहेत. प्रिंटरला १९२.१६८.३७.१० हवा असेल तर तो प्रिंटरच्या मेनूत शिरून भरण्याऐवजी राउटरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये (पत्ता राखून ठेवण्याच्या सोयीत) भरावा. पुढे कधी पट्टा बदलावा लागला तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन आकडे बदलत बसावे लागत नाही. काही राउटर राखीव पत्ता डीएचसीपीच्या पट्ट्यातलाच असावा असा हट्ट धरतात. तसे असेल तर पट्टा १० पासून सुरू करावा.

रिझर्व्हेशनसाठी उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क यंत्रणेचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून झालेल्या या सहा जोड्या प्रिंटरच्या मागच्या किंवा खालच्या चिठ्ठीवर इतक्या बारीक छापलेल्या असतात की आठ आणि बी यांत गल्लत होते. त्यापेक्षा प्रिंटर चालू करून राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी आणि तिथूनच तो पत्ता उचलावा. यादीत काही नावे अनोळखी दिसतात. अशा वेळी प्रिंटर बंद करून यादी ताजी करावी आणि कोणती ओळ गेली ते पाहावे. फोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता वेगळा बनवलेला पत्ता देतात, म्हणून तिथेही यादीतला पत्ताच कामाचा.

सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या राउटरमुळे होतो. खालून आलेली केबल त्याच्या 'वॅन' (म्हणजे बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या) पोर्टात खोचली की तो आपले वेगळे नेटवर्क उभे करतो, आणि वरच्या मजल्यावरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही. केबल 'लॅन' पोर्टात घातली पण डीएचसीपी चालूच राहिला, तर एका घरात दोन कारभारी होतात. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता उपकरण घेते, त्यामुळे काहींचे इंटरनेट चालते, काहींचे नाही, आणि तासाभराने वेगळ्यांचेच बंद पडते. म्हणून दुसरा राउटर मुख्य जाळ्याला जोडण्यापूर्वी त्याला एकट्या लॅपटॉपशी जोडावे, त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.३७.२ करावा, डीएचसीपी बंद करावा आणि मगच केबल लॅनमधून लॅनमध्ये न्यावी. त्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट' (फक्त वायफाय पुरवणारा) असा पर्याय असेल तर तो निवडला की यातले बरेचसे काम आपोआप होते.

डीव्हीआर बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करणाऱ्यांनी, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरमार्फत घरातल्या यंत्राकडे वळवणाऱ्यांनी, आधी राउटरचा वॅन पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी आपल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोहोचत नाही.

शेवटी तपासणी करावी. वरच्या मजल्यावर लॅपटॉप जोडून विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.३७.१ दिसला तर जोडणी योग्य आहे. शेवटी २ दिसत असेल तर वरच्या राउटरचा डीएचसीपी अजून चालूच आहे, आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी भेटलेलेच नाही, तेव्हा आधी केबल पाहावी.